ठासू नका

इंद्रभान मिस्त्रीच्या सवयी चांगुणाबाईला तोंडपाठ होत्या.

कोणतीही नळी हातात आली, मग ती बंदुकीची असो की चुलीपुढची फुंकणी, आधी तिच्यातून उजेडाकडे बघायचं. माणूस बोटाने दाखवायचा नाही, सगळा तळहात पुढे करायचा. भांडं खाली ठेवताना आवाज होऊ द्यायचा नाही. चहा बशीत ओतला की तो निवेपर्यंत बशीकडे बघत राहायचं. कानस वापरून झाली की ब्रशने झाडायची, फडक्यात गुंडाळायची आणि मगच जेवायला उठायचं. रविवारी नखं काढायची, पण उजव्या अंगठ्याचं नख ठेवायचं; धातूवरचा ओरखडा त्याला डोळ्यापेक्षा त्या नखाने आधी कळे. आणि कोणतीही गोष्ट एकदाच सांगायची. दुसऱ्यांदा विचारलं तर "सांगतलं ना" एवढंच.

या शेवटच्या सवयीपायी चांगुणाबाईचा संसारात पुष्कळदा जीव थकला होता. तरी ती त्याला कधी तोडून बोलली नाही. माणूस सरळ होता. सरळ माणसाशी भांडायलाही जागा सापडत नाही.

फौजेच्या वर्कशॉपात अकरा वर्षं बंदुका दुरुस्त करून तो मोताळ्याला आला होता. बाजाराच्या रस्त्यावर पत्र्याचं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. दुकानात भिंतीवर सरकारी लायसन काचेत लावलेलं. आजूबाजूच्या गावांत रोही आणि रानडुकरं पीक ठेवत नसत, म्हणून शेतकऱ्यांकडे परवान्याच्या बंदुका होत्या, आणि त्या बहुतेक ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, वर छर्रे, आणि मग लोखंडी गजाने ठासायची. जेवढी ठासाल तेवढी फुटेल, असा साऱ्या मुलखाचा समज. ठासणं म्हणजेच बंदूक भरणं. 'भरणं' हा शब्द त्या भागात पाण्यासाठी आणि धान्यासाठी. बंदुकीचं विचारायचं तर "ठासली का?" असंच विचारीत.

पिस्तूल असं त्या दुकानात आठ-नऊ वर्षांत एकदाच आलं. वडनेर भोलजीच्या महादेवराव पाटलांचं.

वडनेर चांगुणाबाईचं माहेर. त्यामुळे महादेवराव तिचे गावाकडून भाऊ आणि इंद्रभान अख्ख्या गावाचा जावई. पाटील दुकानात शिरले ते हसतच.

"काय जवाईबापू, सासरचं काम हाये. पैशे मागू नका अन् नाही म्हनू नका."

"बसा, पाटील."

"बसतो काय, येष्टी हाये मले बारा वाजताची. हे पाहून द्या. कवा कवा आपोआपच मिटते मेलं."

इंद्रभानने पिस्तूल उघडलं. वरचा लोखंडी भाग, त्याला स्लाइड म्हणतात, मागे ओढला. तो मागे अडकून उभा राहिला. त्याने अंगठ्याचं नख आत घालून फिरवलं. मग आत दारू नसलेली खोटी काडतुसं भरून मॅगझीन खालून मुठीत घातलं, अलगद, जसं तो सगळंच करी. काही झालं नाही. दहा वेळा घातलं, दहाही वेळा काही झालं नाही.

"द्या हिकडे," पाटील म्हणाले. त्यांनी तळहाताने खालून अशी थाप दिली, जशी बैलाच्या पाठीवर देतात. खट्ट करून स्लाइड पुढे गेली.

"पाह्यलं?"

"पाह्यलं. स्लाइडले मागं धरते त्या खटक्याचा कोपरा घासला. नवा खटका पायजे. बाहेर देशातला माल हाये, आता येत नाई. म्या बनवून देतो, दोन महिने ठेवा."

"दोन महिने? अन् मी काय काठी घेऊन फिरू? घासून-घुसून द्या, जवाईबापू."

दुसरं गिऱ्हाईक असतं तर इंद्रभानने पिस्तूल ठेवून घेतलं असतं. पण सासरच्या गावच्या वडील माणसाला नाही म्हणायचं नसतं. त्याने कोपरा कानशीने जमेल तेवढा चौकोनी केला. देताना एवढंच म्हणाला, "पाटील, याले ठासू नका."

"बरं, नाई ठासत."

चांगुणाबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिने हे ऐकलं. बारा वाजताची एसटी गेली. वहीत इंद्रभानने 'खटका साफ केला' एवढंच लिहिलं.

चार महिन्यांनी बातमी आली. जानरावाने, महादेवरावांच्या धाकट्या भावाने, त्याच पिस्तुलातून महादेवरावांना गोळी घातली. महादेवराव ओसरीतच गेले. जानरावाला पोलिसांनी नेलं. दोघा भावांचं मागच्याच महिन्यात शेताच्या धुऱ्यावरून भांडण झालं होतं, साऱ्या गावाने ऐकलं होतं. आता सारं गाव म्हणत होतं, दुसरं काय असणार.

जानरावाचं म्हणणं वेगळं होतं. गल्लीत पिसाळलेलं कोल्हं शिरलं म्हणून थोरल्या भावानेच त्याला पिस्तूल आणायला लावलं. त्याने मॅगझीन घातलं. स्लाइड आपोआप मिटली. तेवढ्यात कोल्हं नाल्याकडे पळालं. मग त्याने मॅगझीन काढून घेतलं, आता रिकामं झालं म्हणून घोडा खाली पाडायला चाप ओढला, आणि गोळी सुटली. समोर भाऊ उभा होता.

"मी खटका दाबलाच नाई, मंग आत गोळी गेली कशी?" असं तो पोलिसांना विचारत होता. तेही त्याला तेच विचारत होते.

आठ दिवसांनी जानरावाची बायको कौशल्याबाई मोताळ्याला आली. पायात चपला नव्हत्या. चांगुणाबाईने पाणी दिलं, ते तिने हातातच धरून ठेवलं.

"बाई, तुमी आमच्या गावच्या लेक. जवाईबापूले इचारा ना, पिस्तूल आपोआप मिटते का?"

इंद्रभान दुकानात कानस घासत होता. मधलं दार उघडं होतं.

"वकील म्हनते, फाशी नाई तर जन्मठेप," कौशल्याबाई म्हणाली. "कोनी जानकार मानसानं सांगतलं तरच काही होईन, म्हनते. माह्या नवऱ्याले भावाले मारायचं असतं तर तो पिस्तुलानं मारीन का व? त्याले धड धरता येत नाई ते. शेतात ठासणीची, तेवढीच त्याची बंदूक. अन् भासरे पाटील तर ते पिस्तूल कवाच भरत नव्हते. उघडंच ठेवत कोनाड्यात, मागं ओढून. म्हनत, जवाईनं सांगतलं, याले ठासू नका म्हून."

दुकानात कानस खाली पडली. चांगुणाबाईने तो आवाज ओळखला नाही. इतक्या वर्षांत तिने तो ऐकलाच नव्हता.

कौशल्याबाई गेल्यावर ती दुकानात आली. तो स्टुलावर बसला होता.

"तुमी काय सांगतलं होतं त्यायले?"

"ठासू नका म्हनलं."

"मंग त्यायनं बराबर ऐकलं."

त्याने खाली पडलेली कानस उचलून ब्रशने झाडली. मग म्हणाला, "मले म्हनायचं होतं, थाप मारू नका. जोरानं घालू नका."

"तुमाले म्हनायचं होतं. त्यायले काय माहीत?"

"फौजेत बारा गावचे लोक होते. ठासणं म्हनलं की ठासणंच समजत."

"हे फौज नाई. इथं ठासणं म्हंजे भरणं. मलेबी तसंच वाटलं होतं, मी दारातच तर होती. मनात म्हनलं, भरू नका सांगून राह्यले, बरं झालं."

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात कोंबडीची पिलं झाकायला डालगं लावत होती. बांबूचं ते टोपलं एका काडीवर तिरपं टेकवून ठेवलं, की पिलं आत शिरत. इंद्रभान येऊन उकिडवा बसला.

"हे पाह्य. हे डालगं म्हंजे वरची स्लाइड. खाली पडायलेच पाहून राह्यलं, पन काडीनं धरलं. ती काडी म्हंजे खटका. आता काडीचं टोक चौकोनी असन तर धरते. घासून गोल झालं तर?"

"तर घसरते."

"घसरते, पन अशीच नाई घसरत. हे घे." त्याने मुसळ उचललं आणि काडीपासून हातभर लांब जमिनीवर आपटलं. जमीन हादरली, काडी निसटली, डालगं धप्पकन पडलं. पिलं ओरडत पळाली.

"कोनी हात लावला का काडीले?"

"नाई."

"तसंच. मॅगझीन खालून जोरानं ठासलं की सारं पिस्तूल वर उचललं जाते. खटका बारीक, सैल. तो मागं राह्यते. पिस्तूल वर अन् तो जागच्या जागी, म्हंजे खाली उतरल्यासारखाच. खाचेतून सुटला की स्लाइड पुढं. जाता जाता मॅगझीनमधली वरची गोळी घेऊन जाते नळीत. कवा घेते, कवा नाई बी घेत. मंग तुमी मॅगझीन काढा नाई तर काई करा, ती गोळी नळीतच. पाटलायनं उघडं ठेवलं नसतं तर हे झालंच नसतं."

"म्हंजे जानराव खरं बोलून राह्यला."

"हाव."

"मंग सांगा ना कोर्टात."

तो पिलं गोळा करू लागला. एकेक उचलून डालग्याखाली ठेवत होता. "सांगतलं तर मले इचारतील, तुले हे कवापासून माहीत होतं. अन् माहीत असून पिस्तूल परत काऊन देल्लं. वहीत काऊन लिहिलं नाई. खराब हत्यार जाणून परत देल्लं म्हंजे लायसन जाते."

चांगुणाबाईने काडी पुन्हा उभी केली. ती त्याला म्हणाली नाही की सांगाच. असंही म्हणाली नाही की नका सांगू. दुकान गेलं तर काय, हे तिला त्याच्याहून जास्त ठाऊक होतं. त्याला दुसरं कोणतं काम येत नव्हतं. आणि कौशल्याबाईचे पाय तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

असे पाच महिने गेले. दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत. बोलणं थकतं, तसं न बोलणंही थकतं. मग एके दिवशी जानरावाच्या वकिलाचा माणूस साक्ष द्याल का, असं विचारायला आला आणि इंद्रभान चहाच्या बशीकडे बघत म्हणाला, "येतो म्हना."

बुलडाण्याच्या कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा जानरावाला आत जाऊन नऊ महिने झाले होते. नवराबायको सकाळच्या एसटीने घाट चढून गेले. चांगुणाबाई मागच्या बाकावर कौशल्याबाईजवळ बसली. जानराव इतका वाळला होता, की तिने आधी दुसऱ्याच कोणाला जानराव समजलं.

इंद्रभानने आपली खोटी काडतुसं आणली होती, आत दारू नसलेली. रिकामं मॅगझीन घातलं तर ते खटक्याला वर धरून ठेवतं, म्हणून भरलेलंच घालावं लागेल, हे त्याने जज्जसाहेबांना समजावलं. मग पिस्तूल हातात घेतलं. सवयीने आधी नळीतून उजेडाकडे बघितलं.

पहिल्यांदा मॅगझीन घातलं. काही नाही. दुसऱ्यांदा. काही नाही. तिसऱ्यांदा त्याने जोर लावल्याचं चांगुणाबाईला दिसलं, पण त्या हाताचा जोर तो केवढा. चौथ्यांदा, पाचव्यांदा. स्लाइड जिथल्या तिथे. कोणीतरी मागे हसलं.

"मिस्त्री," सरकारी वकील म्हणाले, "आपोआप मिटणारं पिस्तूल आज रजेवर आहे का?"

आता सगळेच हसले. कौशल्याबाईने चांगुणाबाईचा हात घट्ट धरला.

इंद्रभानने पिस्तूल टेबलावर ठेवलं, आवाज न करता. "साहेब, माहा हात याले कामाचा नाई. वीस वर्षं मी हत्यार जपून धरत आलो. आता मले ठासता येत नाई. ज्यानं ठासणीची बंदूक भरली, अशा मानसाच्या हाती द्या."

"अशा माणसाच्या म्हणजे?" जज्जसाहेबांनी विचारलं.

इंद्रभानने तळहात पुढे करून दाराकडे दाखवलं. दाराशी दयाराम नावाचा शिपाई उभा होता. जाडजूड, मिशा पिकलेला.

"हवालदार, गाव कोनतं तुमचं?"

"शिपाई हाये मी, बढती नका देऊ," दयाराम म्हणाला. "गाव धामणगावकडे."

"घरी ठासणीची हाये?"

"बापाची हाये. काऊन?"

जज्जसाहेबांनी मान हलवली. दयाराम पुढे आला. इंद्रभानने पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे करून ते त्याच्या हातात दिलं, बोट चापापासून दूर ठेवायला लावलं आणि मॅगझीन दिलं. "हे खालून घाला."

"किती जोरानं?"

"तुमच्या मनानं."

दयारामने मॅगझीन खाली लावलं आणि तळहाताने थाप मारली. खट्ट. स्लाइड पुढे गेली. तो दचकून म्हणाला, "म्या काई नाई केलं बाप्पा!"

या वेळी कोणी हसलं नाही.

इंद्रभानने पिस्तूल घेतलं, मॅगझीन काढून टेबलावर ठेवलं. मग स्लाइड मागे ओढली. खोटं काडतूस टुणकन उडून जमिनीवर पडलं आणि घरंगळत वकिलांच्या टेबलाखाली गेलं.

दयारामकडून आणखी नऊ वेळा करून घेतलं. चार वेळा मिटलं, पाच वेळा नाही. चारांतल्या एका वेळी काडतूस आत गेलंच नव्हतं.

सरकारी वकील बराच वेळ कागद चाळत होते. मग उभे राहिले. "मिस्त्री, ही गोष्ट तुम्हाला कधी कळली?"

"पाटील पिस्तूल घेऊन आले तवाच."

"म्हणजे गोळी सुटायच्या चार महिने आधी."

"हाव."

"आणि तरी तुम्ही ते परत दिलंत."

"हाव."

"लेखी काही दिलंत?"

"नाई. तोंडी सांगतलं. ठासू नका म्हनलं."

"मग त्यांनी तुमचं ऐकलं नाही?"

इंद्रभानने मागच्या बाकाकडे बघितलं. चांगुणाबाईला वाटलं, हा आता 'हो' म्हणेल, आणि सुटेल. मेलेला माणूस उलटं सांगायला येत नाही.

"ऐकलं, साहेब," तो म्हणाला. "त्यायनं ऐकलं. म्याच चुकीचं बोललो."

खुनाचा आरोप टिकला नाही. निष्काळजीपणाबद्दल जानरावाला जेवढे महिने आत काढले तेवढीच शिक्षा झाली आणि तो त्याच आठवड्यात घरी आला. दोघं नवराबायको मोताळ्याला पाया पडायला आले. जानराव दुकानाच्या उंबऱ्याशीच बसून राहिला. उठताना त्याने भिंतीवरची बंदूक बघून तोंड फिरवलं. कौशल्याबाईच्या पायात नव्या चपला होत्या.

दिवाळीनंतर कचेरीतून कागद आला. चालू वर्ष संपलं की लायसन पुढे मिळणार नाही. दुकानातली हत्यारं ज्याची त्याला परत करून पावत्या घ्याव्या.

"बरं," इंद्रभान म्हणाला आणि कागद घडी करून काचेच्या मागे खोचला.

पण लोक येतच होते. कोर्टातली गोष्ट तालुकाभर पसरली होती. बाजाराच्या दिवशी परवानेवाले दुकानापुढे थांबत आणि विचारत, मिस्त्री, आमचं तर असं आपोआप मिटणार नाही ना? ज्यांच्या बंदुकीत मिटण्यासारखं काही नव्हतं तेही विचारत. इंद्रभान प्रत्येकाला सांगे. पहिल्यांदाच चांगुणाबाईने त्याला एक गोष्ट दहा-दहा वेळा सांगताना ऐकलं. संध्याकाळी त्याचा घसा बसलेला असे.

मग त्याने ठरवलं, की पाटी करायची. एक पत्रा घासला, पांढरा रंग दिला आणि काळ्या रंगाने लिहायला बसला. लायसन जाईपर्यंत दुकानाबाहेर लावायची, नंतर तहसीलवाल्यांनी घेतली तर त्यांच्या भिंतीवर. अक्षर त्याचं चांगलं होतं.

अडलं एका शब्दापाशी.

"ठासू नये लिहिलं तर पुन्हा तेच," तो म्हणाला. "घालू नये लिहिलं तर म्हनतील, मंग मॅगझीन देल्लंच कायले?"

"ठोकू नये?" चांगुणाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

"हातोडीनं कोन ठोकते? म्हनतील, हे आमाले नाई."

"मंग सरळ लिहा, हळू बसवा."

"बसवा म्हनलं तर पाट देऊन बसवतील." तो पहिल्यांदाच जरा हसला. मग म्हणाला, "हळू लिहून काई होत नाई. दयारामले इचार, तो म्हनन, मी हळूच तर मारली. ज्याचा त्याले आपला हात हळूच वाटते."

पुढचे काही दिवस तो येणाऱ्या-जाणाऱ्याला शब्द विचारत होता. कोणी कोंबू नये सांगितलं, कोणी आपटू नये, कोणी दणका देऊ नये. शाळेच्या मास्तरांनी 'आघात' सुचवला. इंद्रभानने त्यांना हात जोडले आणि विचारलं, हे कोणाला कळेल. एकेक शब्द तो बोटावर घेतल्यासारखा करून बघे आणि सोडून देई.

डिसेंबरच्या विसाव्या दिवशी सकाळी दुसरबीडच्या उकंडरावांची बंदूक परत द्यायला तो स्टँडवर गेला. शेवटची तेवढीच राहिली होती. बंदूक दिली, पावती घेतली, उकंडरावांना गाडीत बसवून दिलं आणि बाकावर टेकला. गाडी निघाल्यावर उकंडरावांनी खिडकीतून हात केला. त्याने केला नाही. कंडक्टरला वाटलं, मिस्त्री डोळे मिटून बसले. चांगुणाबाईला बोलवायला माणूस आला तेव्हा चुलीवर चहा होता.

तेराव्यानंतर सरकारी माणूस दुकान बघायला आला. त्याने लायसनची काच उतरवली, हत्यारांची मांडणी रिकामी असल्याचं लिहून घेतलं. पाटी भिंतीला टेकून ठेवली होती. त्याने ती सरळ केली आणि मोठ्याने वाचली.

"पिस्तूलवाल्यांस सूचना. स्लाइड आपोआप मिटली तर पिस्तूल भरलेलं समजावं. मॅगझीन काढलं तरी नळीत गोळी असते. तोंड जमिनीकडे धरून स्लाइड मागे ओढून आत बघावं."

पुढे तो थांबला.

"बाई, ही ओळ अर्धीच हाये."

चांगुणाबाईला लिहितावाचता येत नव्हतं. तिने जवळ जाऊन बघितलं, त्याने बोट ठेवून वाचून दाखवलं. तळच्या ओळीत 'मॅगझीन' लिहिलेलं होतं. त्यापुढे चार बोटं पांढरी जागा होती, तिच्यात पेन्सिलने लिहून पुसल्याच्या खुणा. आणि जागेच्या पलीकडे, काळ्या रंगात, 'नये'.